दात काळा पडलाय? पांढरा करण्याआधी या चुका टाळा

दात काळा दिसू लागला की माणूस आधी मोबाईल उघडतो, मग स्वयंपाकघरात शिरतो आणि सगळ्यात शेवटी दवाखान्याची पायरी चढतो. तोवर लिंबू, सोडा, कोळसा, मीठ असं सगळं दातांवरून फिरवून झालेलं असतं. मूळचा डाग तसाच असतो, वर गार पाणी प्यायलं तरी कळ येते.

खरं तर आधी एकच गोष्ट शोधायची असते: काळेपणा दाताच्या कुठल्या थरात आहे? वर बसलाय, कवचात मुरलाय की आतून येतोय? तिन्हींचे उपाय निरनिराळे आहेत. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की पैसे जातात, कधीकधी दातही जातो.

हे घरी आरशासमोर बऱ्यापैकी ओळखता येतं. चहा, तंबाखू, मशेरी, पान यांचे डाग हिरडीलगत, दोन दातांच्या फटीत आणि खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला जास्त साचतात, आणि नखाला खरखरीत लागतात. कवचात मुरलेला डाग गुळगुळीत लागतो आणि बहुधा डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखाच दिसतो. शेजारचे सगळे दात स्वच्छ आणि एकच दात करडा किंवा निळसर काळा दिसत असेल, तर रंग आतून येतोय. काळपट खड्डा आहे आणि त्यात अन्न अडकतंय, तर ती कीड. तिथे पांढरं करण्याचा विषयच नाही, आधी कीड काढून सिमेंट भरायचं.

एकटा काळा दात आणि एक्स-रेचा कंटाळा

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं, आणि ती करणारे लोक सहसा घाईत असतात. लग्न ठरलेलं असतं किंवा परदेशी जायचं असतं.

घटनाक्रम ठरलेला आहे. दहा-बारा वर्षांचा मुलगा सायकलवरून पडतो आणि वरचा पटाशीचा दात आपटतो. थोडं रक्त येतं, दोन दिवस दुखतं, मग सगळे विसरतात. आत मात्र मुळाच्या टोकातून दातात शिरणारी रक्तवाहिनी तुटलेली असते. रक्त आतल्या पोकळीत साकळतं आणि डेंटिनच्या, म्हणजे कवचाखालच्या थराच्या, सूक्ष्म नळ्यांमध्ये उतरतं. रक्तातलं हिमोग्लोबिन फुटून लोह सुटतं आणि त्याची काळपट संयुगं तयार होतात. दात आधी गुलाबी, मग तपकिरी, मग करडा होत जातो. नस मेलेली असल्यामुळे दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून कोणी दाखवत नाही.

आता हाच मुलगा अठ्ठावीस वर्षांचा, साखरपुडा दीड महिन्यावर. तो आधी ऑनलाइन मागवलेल्या पांढरं करण्याच्या पट्ट्या महिनाभर लावतो. बाकीचे दात दोन छटा उजळतात, हा आहे तसाच राहतो, म्हणजे आता जास्तच उठून दिसतो. मग कुणीतरी दोन दिवसांत कॅप बसवून देतं. एक्स-रे नाही, नस जिवंत आहे का याची तपासणी नाही. फोटो छान येतात. सहा महिन्यांनी हिरडीवर बारीक पुटकुळी येते, फुटते, पुन्हा येते. एक्स-रे काढल्यावर मुळाच्या टोकाशी वाटाण्याएवढी काळी सावली दिसते, म्हणजे तिथलं हाड खाल्लं गेलंय. कॅपला भोक पाडून रूट कॅनल करावं लागतं, कॅप तडकते, नवी करावी लागते. मुळात त्या दाताला कॅपची गरजच नव्हती. रूट कॅनल आणि आतून ब्लीचिंग एवढ्यावर काम भागलं असतं आणि दाताचा चांगला भाग घासून टाकावा लागला नसता.

म्हणून एकट्या काळ्या दाताचा क्रम असा: त्या दाताचा मुळापर्यंतचा छोटा एक्स-रे, मग गार लावून तपासणी, आणि तीही शेजारच्या चांगल्या दाताशी ताडून. नस मेलेली असेल तर रूट कॅनल. रंगाचा विचार त्यानंतर.

आतून ब्लीचिंगची पद्धत जुनी आणि स्वस्त आहे, पण तिच्यात एक पायरी गाळली तर महागात पडते. रूट कॅनलमध्ये भरलेलं गटापर्चा (रबरासारखा पदार्थ) दाताच्या मानेच्या, म्हणजे हिरडीलगतच्या भागाच्या, खाली साधारण २ मिमी कापून घ्यायचं आणि त्यावर ग्लास आयोनोमर सिमेंटचा २ मिमी जाडीचा थर द्यायचा. हा थर म्हणजे बांध. तो नसेल तर औषध मानेपाशी बाहेर झिरपतं आणि काही वर्षांनी मूळ बाहेरून विरघळायला लागतं. तोवर पेशंट विसरलेला असतो आणि दात मात्र काढावा लागतो. बांधावर सोडियम परबोरेट हे ब्लीचिंगचं औषध डिस्टिल्ड वॉटरमध्ये ओल्या वाळूसारखं घट्ट कालवून भरायचं, वर कापसाचा बोळा आणि तात्पुरतं सिमेंट. तीन ते सात दिवसांनी बदलायचं. बहुतेक दात दोन ते चार फेऱ्यांत जागेवर येतात. लवकर व्हावं म्हणून तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड भरून वर उष्णता देण्याची एक जुनी रीत आहे. ती करू देऊ नका. मूळ विरघळण्याचा धोका तिच्यात सगळ्यात जास्त, आणि वाचतात ते फक्त काही दिवस.

रंग शेजारच्या दातापेक्षा किंचित उजळ झाला की थांबायचं, कारण पुढे तो थोडा उतरतो. शेवटचं पक्कं फिलिंग लगेच करायचं नाही. दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे कंपोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) नीट चिकटत नाही, म्हणून एक-दोन आठवडे थांबावं लागतं. या काळात दात आतून पोकळ असतो. त्याने पेरू, ऊस, मक्याचं कणीस तोडू नका, आणि तात्पुरतं सिमेंट पडलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी जा.

आता याच्या उलट चूक. दात आपटून तीन आठवडे झालेत, थोडा करडा दिसतोय, आणि घाबरून लगेच रूट कॅनल करून टाकलं. आपटलेल्या दाताची नस काही काळ नुसती बधिर असते, तपासणीला उत्तर देत नाही आणि नंतर जागी होते. कधीकधी रंगही परत येतो. दुखणं, सूज, पू किंवा एक्स-रेमध्ये बदल नसेल तर दीड-दोन महिन्यांनी, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणं शहाणपणाचं. आणि आपटलेला दात करडा न होता गडद पिवळा झाला, तर आतली पोकळी भरून येत असते आणि नस बहुधा जिवंत असते. तिथे नुसत्या रंगासाठी रूट कॅनल करायला जाऊ नका. भरून आलेली वाट शोधताना ड्रिल भलतीकडे जाऊन मुळाला भोक पडतं.

मुलांचा आपटलेला दुधाचा दात करडा झाला तर? पुष्कळदा काहीच करावं लागत नाही. हिरडीवर पुटकुळी, सूज किंवा दात जास्त हलणं यांवर लक्ष ठेवायचं.

रूट कॅनल केलेला दात नंतर काळा पडला, तर दोष रूट कॅनलला नाही, बहुतेक वेळा घाईला. वरच्या पटाशीच्या दाताच्या पोकळीला दोन बाजूंना शिंगासारखे कोपरे असतात. भोक लहान पाडलं की त्या कोपऱ्यांत नसेचे तुकडे राहतात आणि कुजून रंग सोडतात. गटापर्चा आणि ते चिकटवणारं सीलर वरच्या भागात तसंच सोडून दिलं तरी तेच होतं. असा दात उघडून, नीट साफ करून वर सांगितलेलं ब्लीचिंग करता येतं.

लिंबू, सोडा, कोळसा

लिंबू आणि खायचा सोडा एकत्र केला की फेस येतो, आणि फेस आला म्हणजे मळ निघाला अशी समजूत आहे. तो फेस कार्बन डायऑक्साइडचा. आम्ल आणि सोडा एकमेकांना मारून मोकळे होतात. उरतं ते जास्त पडलेलं लिंबू. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५, आणि दाताचं कवच साधारण ५.५ च्या खाली विरघळायला लागतं. पहिल्या दोन-चार वेळा दात खरंच पांढरा दिसतो, कारण वरचा थर खरवडून निघालेला असतो. कवचात जिवंत पेशी नसतात, ते पुन्हा उगवत नाही. ते पातळ झालं की खालचं पिवळं डेंटिन दिसू लागतं आणि दात आधीपेक्षा पिवळा होतो. मग लोक आणखी लिंबू घासतात.

नुसता सोडा एवढा वाईट नाही, तो फारसा घासत नाही. खरा गुन्हेगार लिंबू.

कोळशाच्या पावडरीबद्दल तर बोलावं तेवढं थोडं. वरचे चहाचे डाग ती घासून काढते, हे खरं. पण तिचे कण दाताच्या बारीक भेगांत, जुन्या फिलिंगच्या कडेला आणि हिरडीच्या फटीत अडकतात आणि करडी रेघ बनते, जी ब्रशने जात नाही. राख, विटेची पूड, जाडं मीठ ही सगळी याच कुळातली.

आणि मशेरी. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू दातांना लावून दात स्वच्छ होतात, हे सांगणारी माणसं अजून गावोगाव आहेत. लावल्यावर दुखणं थांबतं, कारण निकोटीन. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला भारतात १९९२ पासून बंदी आहे, पण घरी भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार? डाग हा तिचा सगळ्यात किरकोळ परिणाम. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणं यांपैकी काही असेल तर डागांची चौकशी बाजूला ठेवा आणि आधी ते दाखवा.

वर बसलेल्या डागांवर खरा उपाय साधा आहे: अल्ट्रासोनिक मशीनने स्केलिंग, म्हणजे किटण काढणं, आणि मग पॉलिशिंग. बहुतेकांना एक बैठक पुरते. “मशीन लावलं की दात हलतात” हे ऐकून लोक वर्षानुवर्षं किटण जपतात. दात आधीच हललेले असतात. हाड झिजलेलं असतं आणि दगडासारख्या किटणाने त्यांना धरून ठेवलेलं असतं. किटण गेलं की ते लक्षात येतं. सवय चालू ठेवली तर डाग काही आठवड्यांत परत येणार, हेही खरं.

बोअरचं पाणी आणि तपकिरी डाग

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे आणि तपकिरी चट्टे दिसतात, आणि आई-बाप मुलाला ओरडतात, नीट घासत नाहीस म्हणून. घासण्याशी याचा काही संबंध नाही. हिरडीच्या आत कवच तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, पोटात गेलेल्या जादा फ्लोराइडमुळे हे होतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. आरओने कमी होतं. पण दात आल्यावर पाणी बदलून चट्टे जाणार नाहीत. त्याचा फायदा धाकट्या भावंडांना.

उपचारात इथे क्रम चुकतो. थेट ब्लीचिंग केलं की पांढरे पट्टे सुरुवातीला आणखी पांढरे होऊन उठून दिसतात. वरवरच्या तपकिरी चट्ट्यांना आधी मायक्रोअब्रेजन: सौम्य आम्ल आणि बारीक पूड यांनी कवचाचा अगदी पातळ थर उतरवायचा, हिरडीला रबर डॅम (रबराचा पडदा) लावून. उरलेल्या रंगाला नंतर ब्लीचिंग. पांढऱ्या डागांत पातळ रेझिन मुरवण्याचीही पद्धत आहे. खड्डे पडले असतील तरच कंपोझिट किंवा व्हिनिअर (दातावर चिकटवायचा पातळ पापुद्रा). पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचे सहा चांगले दात घासून कॅपा बसवणं ही सोय दवाखान्याची, मुलीची नाही.

बाकीच्या चुका, पटापट

क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश महिनोन्महिने वापरू नका. दोन आठवड्यांतच तपकिरी थर धरू लागतो, आणि वर चहा-कॉफी असेल तर जास्त.

मुलाला लोहाचं पातळ औषध देताना ते जिभेच्या मागे सोडा किंवा स्ट्रॉने द्या, आणि वर पाणी पाजा. काळे डाग वरचे असतात, पॉलिशने जातात. औषध मात्र बंद करू नका.

लहान मुलांच्या हिरडीलगत बारीक काळी रेघ दिसली तर ती कीडच असेल असं नाही. काही रंग सोडणारे जिवाणू ती बनवतात. साफ केली तरी परत येते, घाबरायचं कारण नाही.

मुलाच्या किडक्या दाताला सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावलं असेल तर किडका भाग काळा होणारच. कीड थांबल्याची ती खूण आहे, ती खरवडू नका.

गरोदरपणात आणि आठ वर्षांखालच्या मुलांना टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक मनाने देऊ नका. त्याचे करडे-तपकिरी पट्टे कवचाच्या खाली बसतात. ते निघतात, पण १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडच्या ब्लीचिंग जेलचा ट्रे (दातांच्या मापाचा साचा) रोज रात्री, दोन आठवडे नव्हे तर तीन ते सहा महिने लावून. हिरडीजवळचा पट्टा सगळ्यात चिवट.

ट्रेमध्ये जेल भरभरून घालू नका. दाताला एक छोटा थेंब पुरतो, जास्तीचं हिरडी भाजतं. दात शिवशिवले तर एक रात्र सोडा.

ब्लीचिंगने कॅप आणि जुनं फिलिंग पांढरं होत नाही. आधी ब्लीचिंग, मग दोन आठवडे थांबून त्या रंगाशी जुळणारी कॅप. उलटा क्रम केला की कॅप पुन्हा बदलावी लागते. आणि कॅपची शेड ठरवताना लिपस्टिक पुसा, खिडकीच्या उजेडात बसा आणि दात ओला असताना, काम सुरू व्हायच्या आधी शेड घ्यायला सांगा. तोंड अर्धा तास उघडं राहिलं की दात वाळून उजळ दिसतो, आणि त्या रंगाची कॅप दुसऱ्या दिवशी परकी वाटते.