माळ्यावरचा जुना सिंथ खाली काढलाय? थांबा, आधी प्लग लावू नका

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी मामाच्या घरी गिरगावात माळा साफ करायला गेलो होतो, तर सतरंज्या, पितळी पराती आणि एका फुटक्या तबल्याच्या मागे रेक्झिनची एक लांबट पेटी दिसली. मामा ऐंशीच्या दशकात ऑर्केस्ट्रात वाजवायचा, बोटीवर काम करणाऱ्या एका दोस्ताने त्याला जपानहून एक मोनो सिंथ (एका वेळी एकच सूर वाजवणारा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारा कीबोर्ड) आणून दिला होता, तो हाच. माझे हात शिवशिवले. सरळ पिन कन्व्हर्टर लावला, बोर्डात खुपसला, स्विच दाबला. फट्ट! आणि मग तो वास, जळक्या बोंबलासारखा, अख्ख्या मजल्यावर. मामा आतून ओरडला, "अरे गाढवा, मागचं वाचलंस का? शंभर व्होल्टचा आहे तो!"

फ्यूज आणि पॉवर सप्लायचे दोन कॅपॅसिटर (चार्ज साठवणारे छोटे डबे) गेले, ट्रान्सफॉर्मर वाचला ते नशीब. चूक शंभर टक्के माझी. तेव्हापासून ओळखीपाळखीतले चार-पाच सिंथ उघडून झालेत, त्यावरून लिहितोय. आणि मुंबईत अशी मशीन निघतात बरं का, सगळी काही परदेशातच राहिली नाहीत. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या चरणजीत सिंग यांनी १९८२ साली इथेच रोलँड कंपनीचे ज्युपिटर-८ आणि टीबी-३०३ हे सिंथ आणि टीआर-८०८ हे ड्रम मशीन घेऊन रागांवर डिस्को रेकॉर्ड केलं होतं, शिकागोत अ‍ॅसिड हाऊस हे नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत यायच्या काही वर्षं आधी. म्हणजे कुणाच्या माळ्यावर काय सापडेल सांगता येत नाही.

तर पहिलं काम, मशीन उलटं करून मागचं लेबल वाचा. जपानच्या मार्केटचं असेल तर १०० व्होल्ट, अमेरिकेचं असेल तर ११७ किंवा १२०, आणि युरोपचं असेल तर २२० ते २४०. आपल्याकडे २३०. शंभरच्या मशीनला २३० दिले की सव्वादोन पटीपेक्षा जास्त व्होल्टेज आत जातं, मग फट्ट होणारच. लेबलवर वॉट पण लिहिलेले असतात, साधारण १५ ते ४० च्या घरात, ते लिहून घ्या.

आता लॅमिंग्टन रोड, मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत जा, रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर मागा आणि नीट सांगा की २३० चे १०० हवेत, कारण दुकानदार हातात ११० वाला ठेवतो आणि म्हणतो "चलता है". चालतो, पण आपली लाइन कधीकधी २४५ ला जाते, मग ११० चे ११७ होतात आणि चाळीस वर्षांचा म्हातारा पॉवर सप्लाय उगाच तापत बसतो. वीस वॉटच्या सिंथला शंभर व्हीएचा (व्हीए म्हणजे ट्रान्सफॉर्मरची ताकद, ढोबळमानाने वॉटसारखीच) घेतला तर काही बिघडत नाही. फक्त ते हेअर ड्रायर-इस्त्रीसाठी मिळणारे हलके फुलके प्लॅस्टिकचे कन्व्हर्टर घेऊ नका, आत ट्रान्सफॉर्मर नसतोच, डिमरसारखं सर्किट असतं. हातात घेतल्यावर जड लागला पाहिजे, ही साधी परीक्षा.

ट्रान्सफॉर्मर आला म्हणून लगेच लावायचा नाही हां. आधी मशीन उघडायचं. प्लग काढलेला, आणि आधी चुकून लावलेला असेल तर पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, मोठ्या कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. स्क्रू काढताना प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा, कुठली वायर कुठे होती हे नंतर आठवत नाही, मला तर पाच मिनिटांनी आठवत नाही. आत काय दिसेल? मुंबई असेल तर झुरळं. मामाच्या सिंथमध्ये कीबोर्डच्या खाली अख्खी वसाहत होती, अंड्यांच्या तपकिरी डब्यांसकट, आणि त्यांची घाण बोर्डवर वाळून चिकटलेली. ही घाण ओल धरते आणि ट्रॅक (बोर्डवरच्या तांब्याच्या रेघा) खाते. मऊ ब्रशने झटका, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड बोर्डला टेकवू नका, स्टॅटिकने आयसी (चिप) मरतात.

साफसफाई करता करता बॅटरी शोधा. ज्या सिंथमध्ये आवाज सेव्ह करता येतात त्यात मेमरीसाठी बॅटरी असते आणि जुन्या अ‍ॅनालॉग सिंथची (आकड्यांवर नाही, थेट व्होल्टेजवर आवाज बनवणाऱ्या) सगळ्यात मोठी वैरीण तीच. १९८१ चा कॉर्ग पॉलीसिक्स घ्या, त्याच्यातली निकेल-कॅडमियम बॅटरी गळून बोर्डचे ट्रॅक खाऊन टाकते हे त्या मशीनचं जगजाहीर दुखणं आहे. हिरवट-निळी बुरशीसारखी पूड दिसली की समजा गळलीये. बॅटरी कापून काढा, ग्लोव्हज घालून. निकेल-कॅडमियमची गळती अल्कलाइन असते म्हणून पांढऱ्या व्हिनेगरने हलकं पुसायचं, मग पाण्याने, मग अल्कोहोलने, आणि पूर्ण वाळू द्यायचं, पावसाळ्यात तर दोन दिवस. आणि एक लक्षात ठेवा, तिथे साधा लिथियमचा गोल सेल लावून मोकळे होऊ नका! ते सर्किट बॅटरी चार्ज करतं आणि तो सेल चार्ज करायचा नसतो, गळेल नाहीतर फुटेल. चार्जिंगचा रस्ता बंद करून डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट) टाकावा लागतो, जमत नसेल तर तसलीच रिचार्जेबल बॅटरी वायरने बोर्डपासून लांब लावा. १९८४ च्या जुनो-१०६ ची गोष्ट वेगळी, त्यात मुळातच तीन व्होल्टचा लिथियम सेल आहे. तो सोल्डर केलेला असतो, तो काढून होल्डर बसवला की पुढच्या वेळी इस्त्री गरम करायला नको. (सोल्डरिंग आयर्नला आम्ही इस्त्रीच म्हणतो.)

मग कॅपॅसिटर बघा. डोकं फुगलेलं, खाली चिकट डाग, ते बदलायचे. इंटरनेटवर वाचून लोक सरसकट सगळे कॅपॅसिटर बदलतात, मला ते पटत नाही, चाळीस वर्षांचा बोर्ड आहे, प्रत्येक ठिकाणी इस्त्री टेकवली की एखादं पॅड उचकटतंच. पॉवर सप्लायचे मोठे आधी, बाकीचे गरज पडली तर. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ डिग्रीवाले मागा, आणि पट्टी असलेली बाजू मायनस. उलटा लावला तर परत फट्ट.

फ्यूज गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. वायरचा तुकडा गुंडाळायची आपली राष्ट्रीय सवय इथे नको.

आता वीज. पण सरळ नाही, सिरीज बल्बमधून. इलेक्ट्रिशियनकडे सिरीज बोर्ड असतो, होल्डरमधला बल्ब आणि सॉकेट एकामागोमाग जोडलेले. ६० वॉटचा जुना पिवळा, तारवाला बल्ब हवा, एलईडी चालत नाही. स्वतः वायरिंग करत बसू नका, येत नसेल तर कुणाकडून करून घ्या, तिथे २३० व्होल्ट उघडे असतात. सिरीज बोर्डमध्ये ट्रान्सफॉर्मर, त्यात सिंथ. स्विच दाबला की बल्ब एकदा चमकून मंद झाला, नुसती तार लालसर राहिली, तर ठीक. लखलखीत पेटून तसाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. हा बल्ब माझ्याकडे तेव्हा असता तर मामाच्या शिव्या वाचल्या असत्या.

बल्ब मंद राहिला तर तो काढा, आता फक्त ट्रान्सफॉर्मरवर लावा आणि मल्टिमीटर घ्या. काळी प्रोब ग्राउंडला, एक हात खिशात. बहुतेक अ‍ॅनालॉगमध्ये प्लस १५ आणि मायनस १५ व्होल्ट असतात आणि डिजिटल भाग असेल तर प्लस ५, बोर्डवरच छापलेलं असतं. १४.८ आलं तर छान, १२ किंवा १९ आलं तर बंद करून पॉवर सप्लाय दुरुस्त करा, पुढे जाऊ नका. सगळं बरोबर आलं आणि स्पीकरमधून घूंऽऽ येत असेल तर फिल्टरचे कॅपॅसिटर सुकलेत. आपली लाइन ५० हर्ट्झची, रेक्टिफाय (म्हणजे एकाच दिशेची) झाली की १०० होते, म्हणून तो घूं खालच्या जाड स्वरासारखा ऐकू येतो.

आवाज आला, पण नॉब फिरवला की खर्रर्र? ते चालायचंच. कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासा मारा, नॉब किंवा फेडर तीस-चाळीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. गंज काढायचा नेहमीचा निळा डबा नको, तो तेलकट असतो, महिन्याभराने धूळ धरून आणखी खरखर. काही सुरांना आवाजच येत नसेल तर कीबोर्डच्या खालचे कॉन्टॅक्ट अल्कोहोलने पुसा, जुन्या मॉडेलमध्ये बारीक तारा असतात, त्या वाकवू नका. मामाच्या सिंथचा वरचा सा तीन दिवस बोलत नव्हता, शेवटी एका तारेवर झुरळाचा पाय अडकलेला निघाला.

सूर लावणं शेवटी, आणि घाई न करता. अ‍ॅनालॉग ऑसिलेटर (स्वर तयार करणारं सर्किट) तापमानाने सरकतो, म्हणून अर्धा तास चालू ठेवा आणि वरचा पंखा बंद करा, पंख्याच्या वाऱ्याने पण फरक पडतो, घाम गाळा. बहुतेक मशीनमध्ये एका सप्तकाला एक व्होल्ट असा हिशोब असतो (१९७८ चा कॉर्ग एमएस-२० याला अपवाद, त्याचा हर्ट्झ-व्होल्टचा वेगळा). मोबाइलच्या ट्यूनरवर पांढरी सहा लावा, ४४० हर्ट्झ. मग खालची पांढरी सहा, २२०, आणि वरची ८८० यायला हवी. सगळे सूर सारखेच चढे-उतरे असतील तर समोरच्या ट्यून नॉबने होईल, आत हात घालू नका. मधला बरोबर आणि वरचा उतरा असेल तर आतला स्केलचा ट्रिमर (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा बारीक नॉब), पण फिरवायच्या आधी मार्करने त्याची जागा खूण करून ठेवा आणि एका वेळी केसभरच फिरवा. खालचा-वरचा, परत खालचा-वरचा, वीस मिनिटं सहज जातात. जुनोसारख्या डीसीओवाल्या (डिजिटल कंट्रोलचा ऑसिलेटर असलेल्या) मशीनमध्ये हा त्रास नाही, तिथे पिच डिजिटल घड्याळावरून येतं.

आणि झाल्यावर परत माळ्यावर टाकू नका! आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू करा, आतल्या उबेने ओल जाते. जूनपासून पेटीत सिलिका जेल, आणि रंग बदलला की तव्यावर मंद गरम करून परत. कव्हर प्लॅस्टिकचं नको, खाली पाणी धरतं. आमच्याकडे मामीची जुनी सुती साडी आहे, मामा रोज वाजवून झाल्यावर घडी घालून टाकतो, आणि प्लगला मला अजून हात लावू देत नाही.