ट्रॉमा, नवरा-बायको आणि सस्पेन्स: कादंबरी लिहिताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे ट्रॉमा, म्हणजे मनावर झालेला जुना खोल आघात, शेवटच्या प्रकरणासाठी दडवून ठेवणं. दोनशे पानं बायको विचित्र वागते आणि मग एका पानात "तिच्यासोबत लहानपणी असं झालं होतं" सांगून मोकळं व्हायचं, त्यात वाचकाला आपण फसलो असंच वाटतं, आणि ती स्वतः गोष्ट सांगत असेल तर अजूनच, कारण तिला माहीत असलेलं तुम्ही मुद्दाम झाकलंत ना. काय झालं होतं ते थोडं लवकर कळू द्या, सस्पेन्स दुसरीकडेच आहे.

कुठे? तर लक्षणांमध्येच. पीटीएसडी (आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) हे निदान डीएसएममध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन पुस्तकात, १९८० साली आलं आणि २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये लक्षणांचे चार गट आहेत: आठवणी नको असताना घुसणं, टाळाटाळ, मन आणि विचार काळवंडणं, सतत सावध राहणं. आता हेच नवऱ्याच्या नजरेने बघा. ती एका रस्त्याने जायचंच टाळते, रात्री तीनदा कडी तपासते, जवळ घेतलं की दगडासारखी होते, विचारलं तर "काही नाही". त्याला वाटणार हिचं बाहेर काहीतरी चालू आहे! खोटं बोलणारा माणूस आणि घाबरलेला माणूस बाहेरून सारखेच दिसतात, तुमची कादंबरी इथेच उभी राहते. म्हणून असा प्रत्येक सीन आधी दोघांच्या बाजूने लिहून बघा, दोन्ही अर्थ पटले तरच ठेवा.

आठवणींचं पण बघा. फ्लॅशबॅक म्हणजे सुरुवात-मध्य-शेवट असलेली फिल्म नाही. एखादा वास, बुटांचा आवाज एकदम ठसठशीत आठवतो पण आधी काय झालं, नंतर काय, तो क्रम बऱ्याचदा सापडत नाही. म्हणून तिने दोनदा सांगितलेलं जुळत नाही आणि त्याचा संशय वाढतो, ती खोटं बोलत नसतानाही.

आघात झालाय म्हणून तीच खुनी, हा ट्विस्ट प्लीज नको. ज्यांनी हे भोगलंय ते पण वाचतात.

आणि नवऱ्याला नुसता समजूतदार किंवा नुसता राक्षस करू नका. त्याने एकदा तिचा फोन तपासू दे, त्यात काहीच न सापडू दे, आणि तिला ते कळू दे. तिथून पुढचं प्रकरण लिहा.