अमेरिकेत रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय कशी करावी

पुण्यात किंवा मुंबईत वर्षानुवर्षं गाडी चालवलेला माणूस अमेरिकेत आला की त्याला पहिली धास्ती वाटते ती उलट्या बाजूने चालवण्याची. ते जमतं. पहिल्या दिवशी तर बहुतेकांना उत्तम जमतं, कारण सगळं लक्ष तिथेच लागलेलं असतं. जपायचं ते त्यानंतर, हात सरावले असं वाटू लागतं आणि डोक्यात दुसरे विचार सुरू होतात तेव्हा. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे ५ वाजता साऱ्या देशाची वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. सुरुवातीला सगळेच जपून चालवत होते, त्यामुळे अपघात घटले. भीती मोडल्यावर ते पुन्हा पूर्वीइतके होऊ लागले. म्हणून पहिल्या तासाबरोबरच पुढच्या काही आठवड्यांचीही तयारी ठेवा.

इथली उदाहरणं कॅलिफोर्नियातली आहेत. मुलांकडे आलेले आई-बाबा आणि नोकरीसाठी नुकतंच आलेलं जोडपं, दोघांच्याही उपयोगाची.

१. कागदपत्रं भारतातच करून घ्या

आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओकडून मिळतो. अर्ज फॉर्म ४-अ वर करायचा, मुदत एक वर्षाची. तो मूळ लायसन्ससोबतच चालतो, त्यामुळे दोन्ही जवळ ठेवा. कॅलिफोर्नियात पाहुण्यांना आपल्या देशाच्या चालू लायसन्सवर गाडी चालवता येते. कायम राहायला आलात, तर १० दिवसांच्या आत तिथलं लायसन्स काढावं लागतं. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत, ते आधी पाहा.

२. विमानतळावरून स्वतः चालवत निघू नका

उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोत दुपारचे ३ वाजलेले असतात तेव्हा महाराष्ट्रात पहाटेचे साडेतीन असतात. शरीर झोपलेलं आणि समोर अनोळखी फ्रीवे, हा धोका घेण्यासारखा नाही. टॅक्सी करा, नाहीतर कुणाला घ्यायला बोलवा. दोन रात्री नीट झोप झाल्यावरच किल्ली हातात घ्या.

३. गाडी उभी असतानाच तिची ओळख करून घ्या

स्टिअरिंग डावीकडे असलं तरी पेडल जागच्या जागी आहेत: अ‍ॅक्सिलरेटर उजवीकडे, ब्रेक त्याच्या डावीकडे. भाड्याची गाडी बहुधा ऑटोमॅटिक असते, म्हणजे क्लच नाही. ज्यांचा डावा पाय क्लचला सरावलेला आहे, त्यांनी तो मागे घेऊन जमिनीला टेकवून ठेवावा. नाहीतर सिग्नल जवळ आला की पाय आपोआप क्लच शोधतो, रुंद ब्रेकवर आदळतो आणि गाडी जागच्या जागी थबकते. मागून येणाऱ्याला त्याची काहीच कल्पना नसते.

इंडिकेटरची दांडी डाव्या हाताला आणि वायपरची उजव्या हाताला. वळताना कोरड्या काचेवर वायपर फिरू लागले, तर इंडिकेटर दिलेला नाही हे लक्षात घ्या आणि आधी तो द्या. आतला आरसा आता उजवीकडे वर असतो. ड्रायव्हरच्या बाजूचा बाहेरचा आरसा इथे सपाट असतो; त्यात गाड्या खऱ्या अंतरावर दिसतात, पण दिसणारा पट्टा अरुंद असतो. त्यामुळे लेन बदलताना मान वळवून खांद्यावरून पाहायलाच हवं.

४. पिवळी रेघ डाव्या खांद्याशी

सगळ्या लेखातलं एकच लक्षात ठेवणार असाल, तर हे ठेवा. अमेरिकेत समोरासमोरची वाहतूक वेगळी करणारी रेघ पिवळी असते आणि एकाच दिशेच्या लेनमधल्या रेघा पांढऱ्या. मध्ये दुभाजक असला तरी तुमच्या बाजूची डावी कड पिवळी आणि उजवी कड पांढरी. पिवळी रेघ उजव्या हाताला दिसली, तर तुम्ही चुकीच्या बाजूला आहात, मग आजूबाजूला एकही गाडी नसली तरी.

वस्तीतल्या रस्त्यांवर पुष्कळदा रेघाच नसतात. तिथे दुसरी खूण धरा: ड्रायव्हर रस्त्याच्या मध्याकडे, शेजारचा माणूस फूटपाथकडे. ही खूण भारतातही अशीच आहे, फक्त आपण ती कधी मुद्दाम पाहत नाही. म्हणून ती नव्याने शिकावी लागत नाही आणि घाईतही आठवते.

५. गाडी उजवीकडे सरकते, ती आवरा

इतकी वर्षं गाडीचं बहुतेक धूड आपल्या डावीकडे होतं. आता ते उजवीकडे आहे. डोळ्यांना हे चटकन पटत नाही, म्हणून नवा माणूस नकळत उजवीकडे सरकत जातो आणि कडेला लावलेल्या गाड्यांच्या आरशांना घासेल इतक्या जवळून जातो. एखाद्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये रविवारी सकाळी जा. उजवीकडची पांढरी रेघ जवळ आली असं वाटलं की थांबा, खाली उतरून खरं अंतर बघा. असं काही वेळा केलं की अंदाज बसतो. रस्त्यावर नजर लांब ठेवा. बॉनेटजवळ पाहत राहिलात की गाडी डुलते.

६. वळणं: उजवं लहान, डावं मोठं

उजवीकडे वळताना कडेला धरून जायचं, डावीकडे वळताना चौकाचा मध्य ओलांडून पलीकडच्या उजव्या बाजूला जायचं. डावं वळण जास्त अवघड, कारण समोरून येणाऱ्यांना आधी जाऊ द्यावं लागतं. हिरवा बाण असेल तर तुमची पाळी. साधा हिरवा गोल असेल तर थांबून मोकळी जागा मिळाल्यावरच वळा.

लाल सिग्नलला उजवीकडे वळायची मुभा बहुतेक ठिकाणी आहे, पण आधी पूर्ण थांबून, आणि मनाईची पाटी नसेल तरच. न्यूयॉर्क शहरात पाटीने परवानगी दिलेली असेल तेवढ्याच ठिकाणी. हे वळण घेताना सगळी नजर डावीकडून येणाऱ्या गाड्यांवर असते आणि उजवीकडून झेब्रा क्रॉसिंगवर पाऊल टाकणारा माणूस दिसत नाही. निघण्याआधी उजवीकडे पुन्हा एकदा पाहा.

चारही बाजूंना स्टॉपची पाटी असलेल्या चौकात आधी पोचलेला आधी जातो. दोघे एकाच वेळी आले, तर उजवीकडचा आधी. सर्कलला घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं आणि आत असलेल्यांना वाट द्यायची.

७. सवय उलटते ती नेमकी जागा

बाजूला वाहतूक असते तोवर तीच आपल्याला योग्य बाजूला ठेवते. ती नसली की जुनी सवय वर येते. गाडीत पेट्रोल भरून झालं, कार्ड पाकिटात ठेवलं, शेजारचा फोनवर जेवायचं ठिकाण शोधतोय, संध्याकाळची वेळ, रस्ता रिकामा. अशा वेळी पंपाबाहेर पडताना हात सहज डावीकडच्या लेनमध्ये जातो. मॉलचं पार्किंग, नॅशनल पार्कमधला पहाटेचा रस्ता, वन-वेवरून दुतर्फा रस्त्यावर येणं आणि यू-टर्न या जागाही तशाच. यातल्या प्रत्येक ठिकाणी निघण्याआधी एक क्षण थांबून, मोठ्याने बोला: 'पिवळी डावीकडे.'

शेजारी बसणाऱ्यानेही हेच शब्द वापरावेत. 'उजवीकडे, उजवीकडे' असं ओरडू नये, कारण वळायला सांगितलं की बाजूला व्हायला, हे त्या क्षणी कळत नाही.

चुकीच्या बाजूला गेल्याच्या खुणाही असतात: रस्त्यावरच्या पाट्यांची पाठच दिसणं, रात्री रस्त्यातले रिफ्लेक्टर लाल चमकणं, रॅम्पवर 'राँग वे'ची लाल पाटी. आणि अचानक समोरून गाडी आलीच, तर ब्रेक दाबा आणि उजवीकडे घ्या. आपला हात डावीकडे ओढतो, पण समोरचा ड्रायव्हर त्याच्या उजवीकडे, म्हणजे तुमच्या डावीकडेच येणार. हे वाक्य आधीच मनात घोळवून ठेवा. त्या क्षणी विचाराला वेळ नसतो.

८. थोडक्यात आणखी

वेग मैलांत असतो: वस्तीत २५ म्हणजे सुमारे ४० किलोमीटर, फ्रीवेवर ६५ म्हणजे सुमारे १०५. सावकाश जाणाऱ्यांनी उजव्या लेनमध्ये राहावं. अँब्युलन्स आली की उजव्या कडेला जाऊन थांबायचं. पिवळ्या स्कूल बसचे लाल दिवे लुकलुकत असतील, तर समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं असतं. मध्ये दुभाजक असेल तर बहुतेक राज्यांत समोरच्यांना सूट आहे.

जे गाडी चालवणारच नाहीत त्यांनाही, विशेषतः आई-बाबांना, एक गोष्ट करून दाखवा: रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहायचं. फुटपाथवरून उतरताना आपण सवयीने उजवीकडे बघतो आणि गाडी डावीकडून येते. त्यांच्यासोबत घराजवळचा चौक काही वेळा ओलांडा.

९. भारतात परतल्यावर

परतल्यावरही असंच होतं, आणि आपलाच रस्ता म्हणून कुणी तयारी करत नाही. शिवाय आपल्याकडे उलट दिशेने येणाऱ्या दुचाक्या सर्रास दिसतात, त्यामुळे इतरांकडे पाहून बाजू ओळखण्यात अर्थ नाही. रेघांच्या रंगावरही भिस्त ठेवू नका. ड्रायव्हर मध्याकडे, शेजारचा कडेला, हीच खूण इथे उपयोगी पडते. विमानतळावरून घरी ड्रायव्हरसोबत या, पहिले काही दिवस रात्री चालवू नका, आणि पहिल्यांदा गाडी काढाल तेव्हा घरातलं गाडी चालवणारं कुणीतरी शेजारी बसवा.