पुरात सोसायटीचं पाणी चालू ठेवायचं तर मदत नक्की कुठे करायची (वडोदरा)

ऑगस्ट 2024 ला विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 26, आणि अकोटा, फतेगंज, समा भागात किती घरांत पाणी शिरलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पाणी ओसरलं की पुढचा प्रश्न प्यायच्या पाण्याचा, कारण लाईट नसली की मोटर बंद, आणि खालच्या टाकीत गटाराचं पाणी शिरलेलं असतं.

अशा वेळी मदत म्हणून आपण बाटल्यांचे खोके उचलतो. पहिल्या दिवशी ते हवेतच, वरच्या मजल्यावर अडकलेल्या आजी-आजोबांना आणि लहान बाळांना आधी द्या. पण हिशोब करून बघा, 60 घरांची सोसायटी, घरात चार माणसं, संकटात माणशी कमीत कमी 15 लिटर, म्हणजे रोजचं 3600 लिटर झालं, आणि तेवढं बाटल्यांनी कधीच पुरं पडणार नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की लोकांनी स्वतः उभं केलेलं जे आहे ना, बोअर, टाक्या, मोटर आणि ते चालवणारा माणूस, ते लवकरात लवकर चालू करायला हात लावा.

सुरुवात त्या माणसापासूनच करा. पाणी सोडणारे काका किंवा वॉचमनभाई, कुठला वॉल्व कुठल्या विंगचा हे बहुतेक वेळा फक्त त्यांनाच माहीत असतं आणि पुरात त्यांचं स्वतःचं घरही बुडालेलं असू शकतं. त्यांना विचारा "काका, तुम्हाला काय लागतंय?", जेवण, गमबूट, मोबाईल रिचार्ज, जास्तीच्या कामाचे पैसे, आणि हे पैसे नंतर बघू म्हणून ठेवू नका. त्यांच्याबरोबर फिरून सगळ्या वॉल्वचे फोटो काढा, नंबर टाका, ग्रुपवर ठेवा आणि दोन तरुण पोरांना शिकवून ठेवा.

मोटरचं नीट ऐका. पाण्यात बुडालेला स्टार्टर, पॅनल किंवा मोटर कोणीही चालू करून बघायची नाही, "एकदा बघू तर" असं म्हणून तर नाहीच नाही. सबमर्सिबल (बोअरच्या आत बसवलेली मोटर) पाण्यातच चालते पण तिचं पॅनल पाण्यासाठी बनलेलं नसतं. इलेक्ट्रिशियनला बोलवून मेगर (वायरचं इन्सुलेशन शाबूत आहे का ते तपासायचं मीटर) लावून घ्या, मगच स्विच. जनरेटर आणलात तर तो उघड्यावर ठेवा, बंद पार्किंगमध्ये त्याचा धूर जीव घेतो, आणि चेंजओव्हर स्विचशिवाय (जनरेटर चालू असताना बाहेरची लाईन तोडणारा स्विच) लाईनला जोडू नका, नाहीतर बाहेर लाईन दुरुस्त करणाऱ्याला शॉक बसेल. तुमच्याकडे द्यायला पैसे असतील तर माझ्या मते सगळ्यात चांगला खर्च म्हणजे पॅनल मागच्या पुराच्या खुणेपेक्षा वर बसवणं.

आता खालची टाकी. झाकण उघडून बराच वेळ हवा खेळू द्या, एकट्याने उतरू नका, आत जाणाऱ्याच्या कमरेला दोर आणि बाहेर माणूस हवाच, बंद टाकीत हवा कमी पडून माणसं गेलीयत. गाळ काढा, घासा, टाकी भरा आणि 1000 लिटरला साधारण 150 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर टाका, सगळे नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, मग बंद करून रात्रभर तसंच राहू द्या. हे पाणी प्यायचं नाही, सगळं काढून टाकायचं. नंतर रोजच्या पाण्याला 1000 लिटरमागे 5 ग्रॅमपासून सुरू करा, आधी बादलीत कालवा, चुना खाली बसला की वरचं निवळ पाणीच टाकीत ओता, अर्धा तास थांबा. मग क्लोरीन किटने तपासा, आणि ते टाकीजवळ नाही तर सगळ्यात शेवटच्या घरच्या नळाला, तिथे लिटरला 0.2 ते 0.5 मिलीग्रॅम आलं पाहिजे, नाही आलं तर डोस थोडा वाढवा. तोपर्यंत पाणी खळखळ उकळूनच प्या. बोअरच्या पाइपात पुराचं पाणी गेलं असेल तर तिथेही आधी भरपूर उपसा आणि मग क्लोरीन.

टँकर आला की कुठून भरला ते विचारा आणि टाकीत सोडायच्या आधी त्याचंही क्लोरीन बघा, एक खराब टँकर अख्खी साफ केलेली टाकी घालवतो.

पैसे गोळा करायचे असतील तर कमिटीच्या खात्यातच करा आणि बिलं ग्रुपवर टाका, वेगळी वर्गणी काढली की भांडणं होतात आणि काम राहतं. शेजारच्या वस्तीत बोअर नसेल तर गेटला एक नळ काढून द्या, ठरलेल्या वेळी चालू ठेवा आणि त्याचं लाईटबिल सोसायटीने धरा, ही मदत खरंच मोठी आहे.

वाघोडिया, पादऱ्याकडच्या गावांत मदत घेऊन जाणाऱ्यांनी आधी गावच्या पाणी समितीला फोन करावा. गुजरातमध्ये 2002 ला वास्मो (गावांच्या पाणी-स्वच्छतेचं काम बघणारी सरकारी संस्था) सुरू झाल्यापासून गावातली पाण्याची कामं समित्याच बघतात, त्यांना कुठला पार्ट गेलाय ते माहीत असतं. कोणी मोठा फिल्टर प्लांट देत असेल तर घेण्याआधी विचारा की कार्ट्रिज कोण बदलणार आणि त्याचे पैसे कोण भरणार. बऱ्याचदा समितीला एक स्टार्टर, थोडी केबल आणि पावडरची बंद पिशवी एवढंच हवं असतं, तेच घेऊन जा.