लढाईवरून आलेल्या वडिलांचे आभार मानताना

१९७१ च्या भारत-पाक लढाईवर गेलेली माणसं आता सत्तरीपार आहेत. "तुमचा अभिमान वाटतो" म्हटलं की मान हलवून विषय बदलतात. त्याऐवजी १६ डिसेंबरला, विजय दिवसाला, ट्रंकेतली पदकं बाहेर काढा. 'पूर्वी स्टार' नावाचं पदक असेल तर ते पूर्व आघाडीवर होते, 'पश्चिमी स्टार' असेल तर पश्चिमेला. त्याच लढाईच्या 'संग्राम मेडल' या पदकाच्या कडेवर त्यांचा लष्करी नंबर आणि नाव कोरलेलं असतं. ते त्यांच्यासमोर मोठ्याने वाचा. आमचे आबा स्वतःचा नंबर ऐकून खाटेवर ताठ बसले, आणि मग बोलू लागले.

"किती मारले?" हे कधीच विचारू नका. खंदकात सोबत कोण होतं, जेवायला काय मिळायचं, घरचं पत्र किती दिवसांनी आलं, हे विचारा. गप्प झाले तर राहू द्या, चहा ठेवा. सोबत्यांची नावं वहीत उतरवा. कोणी हयात असेल तर फोन लावून द्या, त्याहून मोठी भेट नाही. आणि आभार एखादी नेमकी गोष्ट धरून माना. मी एवढंच म्हणाले, "माझ्या बारशाला तुम्ही का नव्हता, ते आज कळलं, आबा."