इंदूरात चांगला स्टेक कसा शोधायचा, आणि बाहेरगावी गेलात तर काय बघायचं

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकतो म्हणजे पुढचं सोपं जाईल. इंदूरमध्ये तुम्हाला इंग्रजी सिनेमात दिसतो तसला बीफ स्टेक मिळणार नाही. मध्य प्रदेशात २००४ च्या कायद्याने गोवंशहत्येवर बंदी आहे, मांस जवळ बाळगणंही गुन्ह्यात येतं, त्यामुळे वेटरला हळूच विचारून बघू वगैरे डोक्यातून काढून टाका. इथल्या मेनूवर स्टेक म्हणजे चिकन, मासा, मटण, क्वचित पोर्क, आणि पनीर तर आहेच, पनीरशिवाय आपल्याकडे मेनू छापतच नाहीत बहुतेक. पण म्हणून इथे स्टेक खाण्यात अर्थ नाही असं मुळीच नाही, फक्त शोधावा लागतो, आणि किचनला जाड तुकडा नीट शेकता येतो की नाही हे प्लेट समोर यायच्या बरंच आधी कळतं, दोन-तीन प्रश्न विचारायची लाज सोडली की झालं.

सुरुवात मेनूपासून. ज्या मेनूत मोमो, व्हाइट सॉस पास्ता, दाल मखनी, हक्का नूडल्स आणि मग शेवटच्या पानावर 'स्टेक्स अँड सिझलर्स' असं सगळं आहे तिथे स्टेकसाठी जाऊ नका, बाकी जे खायचं ते खा. ग्रिलचे चार-पाचच पदार्थ आहेत आणि प्रत्येकाखाली कुठला तुकडा, किती ग्राम हे लिहिलंय, अशी जागा बघा. फोटो बघताना रेस्टॉरंटवाल्यांनी टाकलेले सोडून द्या, गिऱ्हाइकांनी काढलेले बघा आणि त्यातही कापलेल्या तुकड्याचा फोटो मिळाला तर सोनं. सगळ्याच फोटोत तपकिरी सॉसने वरपासून खालपर्यंत आंघोळ घातलेली असेल तर समजून जा की आतलं मांस दाखवण्यासारखं नाहीये. रिव्ह्यूमध्ये 'अँबियन्स मस्त, स्टाफ पोलाइट' याचा आपल्याला काही उपयोग नाही, तिथे 'स्टेक' शब्द टाकून सर्च करा आणि कोणी 'कोरडा होता', 'चिवट होता' असं लिहिलंय का ते वाचा.

आणि शनिवारी रात्री विजय नगरला जाऊन स्टेक मागवू नका हो. त्या गर्दीत ग्रिलवर एकच माणूस असतो आणि त्याच्यापुढे ऑर्डरींची रांग, तो तुमच्या तुकड्याकडे कशाला बघत बसेल. मधल्या वारी साडेसात-आठला जा, तवा तापलेला असतो आणि माणूस मोकळा असतो.

आता फोन. जायच्या आधी फोन करा, इंदूरात कोणाला त्याचं काही वाटत नाही, आणि सरळ विचारा, "भिया, चिकन स्टेक में पूरा पीस आता है कि कीमे की टिक्की?" हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे कारण निम्म्या जागी चिकन स्टेक म्हणजे खिम्याची चपटी टिक्की असते, ती चवीला बरी लागू शकते पण मग तिला कटलेट म्हणा आणि कटलेटचे पैसे घ्या. पूर्ण पीस आहे म्हणाला तर पुढचं, ब्रेस्ट की लेग? समोरचा "एक मिनट सर, किचन में पूछता हूं" म्हणाला तर उलट चांगलंच आहे, म्हणजे विचारण्यासारखा माणूस आत आहे. "सब मिलेगा सर, आप आ जाओ" म्हणाला तर नका जाऊ.

चिकनबद्दल माझं मत, मांडीचा बोनलेस तुकडा घ्या. ब्रेस्टमध्ये चरबी जवळजवळ नसतेच, जरा जास्त वेळ राहिला की भुसा होतो, आणि हॉटेलवाले भीतीपोटी नेहमीच जास्त ठेवतात. भीती तशी बरोबरच आहे म्हणा, चिकन आतून ७४ डिग्रीपर्यंत जायलाच हवं, त्यात मीडियम-रेअर (आतून लाल-गुलाबी ठेवलेलं) असला प्रकार नसतो, कोणी हौसेने विचारलं 'कसं करू' तरी पूर्णच शिजवायला सांगा. ब्रेस्टच असेल तर मिठाच्या पाण्यात मुरवलेला आहे का विचारा, त्याने रस टिकतो. वरची बाजू खरपूस हवी, नुसती पांढरी-पिवळी उकडल्यासारखी दिसली तर तवा तापला नव्हता. मांस खरपूस होऊन तो वास सुटायला पृष्ठभाग साधारण १४० डिग्रीच्या वर जावा लागतो, आणि ओला तुकडा टाकला किंवा तव्यावर गर्दी केली की सगळं त्याच पाण्यात शिजत बसतं.

मासा. समुद्र आपल्यापासून लांब, त्यामुळे 'फ्रेश सी फिश' लिहिलेलं वाचून हुरळून जाऊ नका. फ्रोजन असणं वाईट नाही, सालमन वगैरे इकडे बहुतेक फ्रोजनच येतो आणि नीट वितळवला तर छान लागतो, वाईट काय तर एकदा वितळवून परत गोठवलेला, तो तोंडात टाकला की पिठासारखा विरतो आणि प्लेटमध्ये पाणी सोडतो. बासा हा पाळलेला गोड्या पाण्यातला मासा, स्वस्त, काटे नाहीत, चवही नाही, लेमन बटर सॉसची चव बासाला लागते एवढंच. त्यापेक्षा सुरमईचा आडवा कापलेला जाड तुकडा मिळत असेल तर तो घ्या, मधे काटा असतो पण त्यामुळेच रसदार राहतो. कुठल्या दिवशी माल येतो हे विचारून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जायचं.

मटणात मात्र खरी गंमत आहे आणि इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात. आपल्याकडे मटण म्हणजे बोकड, आणि बोकडाच्या मांसात चरबीच्या रेषा नसतात, त्यामुळे रानेचा, म्हणजे मागच्या पायाचा, तुकडा कापून तव्यावर टाकला तर तो चावता चावता जबडा दुखतो. मग हॉटेलवाले काय करतात, कच्ची पपई लावतात. थोडी लावली तर ठीक, पण जास्त वेळ ठेवली की पपईतलं एन्झाइम मांसाचा धागाच तोडून टाकतं आणि मग 'किती सॉफ्ट आहे ना' म्हणत आपण लगदा खातो. चांगल्या मांसाला दाताखाली थोडा तरी धागा लागला पाहिजे. त्यामुळे बोकड असेल तर मटण स्टेक सोडा आणि चांपा मागवा, बरगडीजवळचं मांस कोवळं असतं, हाडाला धरून शेकलेलं असतं, त्यात फसायला होत नाही. पण नीट विचारा, कारण आजकाल मेनूवर 'मलाई चाप' लिहिलं असेल तर ते सोयाचं असतं, मटणवाल्याला 'मटन चांप' असंच म्हणायचं. मोठ्या हॉटेलांत परदेशातून आलेलं लॅम्ब, म्हणजे कोवळ्या मेंढीचं मांस, मिळतं, लॅम्ब चॉप्स किंवा रॅक, महाग आहे पण वाढदिवसाला वगैरे परवडत असेल तर इंदूरात खऱ्या स्टेकच्या सगळ्यात जवळ जाणारी चीज तीच. ते आतून गुलाबी ठेवायला सांगा, पूर्ण शिजवलं तर त्या पैशात घरी दोन वेळचं मटण झालं असतं असं वाटत राहतं.

अधूनमधून कुठेतरी 'कडकनाथ स्टेक' पण दिसतो. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये जीआय टॅग मिळाला तेव्हापासून त्याचं नाव झालं, पण त्या कोंबडीचं मांस घट्ट असतं, हळूहळू रश्श्यात शिजवायची, तव्यावर झटपट शेकून काही उपयोग नाही. नावाचे पैसे देऊ नका.

सिझलरचं काय, तर मुंबई-पुण्याच्या इराणी लोकांनी आपल्याकडे रुजवलेला प्रकार आहे आणि मला मनापासून आवडतो, पण तो धूर आणि आवाज लोण्याचा आणि सॉसचा असतो, त्याचा मांसाच्या क्वालिटीशी काही संबंध नाही. लोखंडी प्लेट तापलेली असते म्हणून त्यावर मांस शिजतच राहतं, तर फोटो काढत बसू नका, आल्याबरोबर तुकडा उचलून भातावर किंवा कोबीच्या पानावर ठेवा. लॅम्ब असेल तर एक पायरी कमी शिजवायला सांगा, उरलेलं प्लेट करते. आणि 'सॉस बाजूला द्या' हे वाक्य पाठ करून ठेवा.

ग्रुपमध्ये दोघं-तिघं शाकाहारी असणारच, आपलं शहरच तसं आहे. त्यांच्यासाठी मशरूम किंवा जाड पनीर बघा, फ्लॉवरचा स्टेक फॅशन म्हणून ठीक आहे. ग्रिल वेगळं आहे का हे मात्र आधी विचारून घ्या, काकू-मावशी बरोबर असतील तर नंतर टेबलावर तो विषय निघायला नको.

आता बाहेरगावी. आपल्यातली बरीच मंडळी बीफ खात नाहीत, ते ज्याचं त्याने ठरवावं, पण पोरं पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेला आहेत, तिथे मेनू हातात आला की गोंधळ होतो म्हणून लिहितो. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे पुण्या-मुंबईत टेंडरलॉइन स्टेक म्हणजे बहुतेक म्हशीचं असतं, तिकडचे खाटीक त्याला अंडरकट म्हणतात. त्यात चरबी कमी असते म्हणून जास्त शिजवलं की चामडं. पुण्यातलं 'द प्लेस', बंगळूरचं 'द ओन्ली प्लेस', कोलकात्यात पार्क स्ट्रीटवरचं 'ऑली पब' ही नावं स्टेक-सिझलरवाले लोक वर्षानुवर्षं घेत आलेत.

अमेरिकेत मेनूवर बऱ्याचदा ग्रेड लिहिलेली असते, प्राइम सगळ्यात वर, मग चॉइस, मग सिलेक्ट, हे प्रामुख्याने मांसात चरबीच्या बारीक रेषा किती आहेत त्यावर ठरतं. त्या रेषा शिजताना वितळतात आणि चव तिथूनच येते. पहिल्यांदाच खात असाल तर रिबआय, म्हणजे बरगडीकडचा तुकडा, घ्या, चरबी भरपूर म्हणून थोडं जास्त शिजलं तरी सांभाळून घेतं. टेंडरलॉइन, म्हणजे फिले, पाठीच्या कण्याला लागून असतो, त्या स्नायूला काम नसतं म्हणून एकदम मऊ, पण चव सौम्य आणि किंमत जास्त. टी-बोनमध्ये हाडाच्या एका बाजूला स्ट्रिप (पाठीचा कमरेकडचा तुकडा) आणि दुसऱ्या बाजूला टेंडरलॉइन, पण वजनात हाड धरलेलं असतं हे लक्षात ठेवा. इंग्लंडात ज्याला सरलॉइन म्हणतात तो अमेरिकेत न्यू यॉर्क स्ट्रिप होतो, अमेरिकेतला सरलॉइन वेगळा आणि जरा चिवट. ड्राय-एज्ड लिहिलं असेल तर ते मांस थंड खोलीत तीन-चार आठवडे किंवा जास्त ठेवलेलं असतं, पाणी उडून चव घट्ट होते, म्हणून महाग. जपानी ए-फाइव्ह वाग्यू, म्हणजे तिकडचं सगळ्यात वरच्या ग्रेडचं बीफ, मागवलात तर चार जणांत एक छोटा तुकडा पुरतो, इतकी चरबी असते की जास्त खाववतच नाही.

किती शिजवायचं हा प्रश्न ते विचारतातच, आणि जे विचारत नाहीत तिथून उठून या. मीडियम-रेअर म्हणजे आतून ५५ डिग्रीच्या आसपास, मधे लाल-गुलाबी, मीडियम ६० च्या आसपास, नुसता गुलाबी, वेल-डन ७० च्या वर, सगळा तपकिरी. आपल्याकडे मीडियम सांगितलं की बहुतेक वेळा पूर्ण शिजवून आणतात, तिकडे मीडियम म्हणजे खरंच गुलाबी येतो, आई-बाबांना आधी सांगून ठेवा नाहीतर प्लेट बघून जेवणच सोडतील. प्लेटमध्ये जे लाल पाणी दिसतं ते रक्त नसतं, मायोग्लोबिन नावाचं प्रोटीन मिसळलेलं पाणी असतं. पण ते तळ्यासारखं साचलं असेल तर तव्यावरून काढून दोन-चार मिनिटं विसावू न देता घाईत वाढलंय.

प्लेट आली की पहिला घास कडेचा घेऊ नका, सरळ मधोमध कापून बघा. कमी शिजलं असेल तर लगेच परत पाठवा, ते दुरुस्त होतं, जास्त शिजलं तर नवीनच करावं लागतं आणि अर्धं खाऊन झाल्यावर तक्रार केली तर कोणी ऐकत नाही. वजनाबद्दल भांडू नका, मेनूवरचे ग्राम कच्च्या मांसाचे असतात, शिजल्यावर ते कमी होणारच. बिलात मात्र बघा, साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, महागड्या स्टार हॉटेलात १८ टक्के, आणि सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला असेल तर काढायला सांगता येतं.

आणि स्टेक पार्सल मागवू नका. डब्यात बंद झाला की वाफेने वरचा खरपूसपणा जातो, वाटेत शिजत राहतो, राजवाड्याच्या ट्रॅफिकमधून घरी पोचेपर्यंत त्यात काही उरत नाही. उरलाच तर थंडच पातळ कापून सकाळी ब्रेडमध्ये घाला, वर थोडा आपला जीरावन मसाला भुरभुरवा, मायक्रोवेव्ह तेवढा करू नका.