बंद पडलेल्या कंपन्यांची विमानं सिम्युलेटरवर उडवताय? या चुका टाळा

माझे मामा सांताक्रूझला इंडियन एअरलाइन्सच्या हँगरमध्ये टेक्निशियन होते. ते निवृत्त झाल्यावर एका रविवारी मी त्यांना घरच्या संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरसमोर बसवलं आणि एअरबस ए३०० उघडलं. आठवडाभर खपून त्यावर कंपनीची केशरी शेपटी रंगवली होती, नाव टाकलं होतं, रजिस्ट्रेशनही (विमानाचा नोंदणी क्रमांक) टाकलं होतं. बाहेरून विमान बघताना मामांचा चेहरा खुलला. मग मी कॉकपिट दाखवलं. बराच वेळ ते स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "फ्लाइट इंजिनीअर कुठे बसतो रे यात?"

त्याला बसायला जागाच नव्हती. इंडियन एअरलाइन्सने १९७६ पासून वापरलेली ए३०० विमानं बी२ आणि बी४ मालिकेची होती. त्यांच्या कॉकपिटमध्ये कॅप्टन, को-पायलट आणि उजव्या भिंतीवरच्या भल्यामोठ्या पॅनलसमोर बसणारा फ्लाइट इंजिनीअर, असे तिघे असत. मी घेतलेलं मॉडेल ए३००-६००आरचं होतं, म्हणजे दोन वैमानिकांचं, पडदेवालं, बऱ्याच नंतरचं. पंखांच्या टोकांना उभ्या लहान पट्ट्या असतात त्याही ६००आरच्या. बी२-बी४ला त्या नव्हत्या. मामांनी ज्या विमानाखाली उभं राहून उमेदीची वर्षं काढली ते हे नव्हतंच. त्या दिवसापासून मी कामाची पद्धत बदलली, आणि या छंदात नव्याने येणाऱ्यांना तीच सांगतो.

रंग बरोबर, विमान चुकीचं

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे थोडं थांबू. आपण आधी कंपनी ठरवतो, मग तिचा रंग शोधतो आणि हाताशी असेल त्या मॉडेलवर चढवतो. खरं तर आधी तारीख ठरवावी. अमुक वर्षाचा अमुक महिना, हा मार्ग. त्या दिवशी त्या मार्गावर कोणतं विमान असायचं? त्याचं रजिस्ट्रेशन काय, इंजिन कोणतं? एवढं हाती आलं की निम्म्या चुका आपोआप गळतात.

किंगफिशरचं उदाहरण घ्या. ए३८० वर किंगफिशरचा लाल रंग चढवलेली चित्रं सगळीकडे दिसतात. कंपनीने पाच ए३८० मागवली होती हे खरं, पण एकही हातात आलं नाही. तीच गत जेट एअरवेजच्या ७८७ ची: मागणी होती, विमान आलं नाही. कल्पनेतलं विमान म्हणून जरूर उडवा, पण आठवण म्हणून उडवायचं तर किंगफिशरसाठी ए३२० किंवा ए३३०-२०० घ्या आणि जेटसाठी ७३७-८०० किंवा ७७७-३००ईआर.

एटीआर या पंख्याच्या छोट्या विमानाची चूक जरा बारीक आहे. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरसाठी मिळणारं एटीआर ६०० मालिकेचं आहे, समोर मोठे पडदे असलेलं. किंगफिशरकडे ५०० मालिका होती, तिचं कॉकपिट जुन्या घडणीचं. बाहेरून दोन्ही इतकी सारखी दिसतात की लिव्हरी (विमानावरचा कंपनीचा रंग आणि नाव) शोभून दिसते आणि आपण फसतो. जेटकडे मात्र पुढे ६०० आली होती, त्यामुळे हेच मॉडेल जेटच्या रंगात चालतं.

इंजिनाकडेही बघा. किंगफिशरच्या ए३२० ला आयएईची व्ही२५०० इंजिनं होती. सीएफएम इंजिनाच्या मॉडेलवर ती लिव्हरी लावली तर इंजिनाच्या नळकांड्याचा आकारच वेगळा दिसतो. फेनिक्सने सिम्युलेटरसाठी बनवलेल्या ए३२० मध्ये दोन्ही पर्याय मिळतात, तेव्हा नीट बघून निवडा. गो फर्स्टच्या ए३२०निओला (ए३२० ची नव्या इंजिनांची आवृत्ती) प्रॅट अँड व्हिटनीची इंजिनं होती, आणि २०२३ च्या मे महिन्यात कंपनी थांबली तेव्हा तिने बोट त्याच इंजिनांकडे दाखवलं होतं. लीप इंजिनाच्या निओवर गो फर्स्टचा रंग चढवला की त्या कंपनीची अर्धी कहाणीच पुसली जाते.

माझी सगळ्यात लाडकी खूण इंडियन एअरलाइन्सच्या जुन्या ए३२० ची. तिच्या मुख्य चाकांच्या प्रत्येक पायाला दोनऐवजी चार चाकं होती, आपल्याकडच्या कमजोर धावपट्ट्यांवर भार विभागला जावा म्हणून. तसं मॉडेल मिळालं नाही तर दोन चाकांवर समाधान मानावं लागतं. पण मग निदान स्क्रीनशॉटखाली तसं लिहून ठेवा. पुढचा माणूस तुमचं चित्र बघूनच आपलं विमान रंगवणार आहे.

तारीख पक्की करायला दोन गोष्टी उपयोगी पडतात: तारखेसह छापलेले फोटो आणि घरातली जुनी तिकिटं. मामांच्या ट्रंकेत लाल कार्बनची तिकिटं निघाली, त्यांवर मार्ग, तारीख, वेळ सगळं होतं. तुमच्याही घरी कुठल्या तरी फाइलमध्ये असतील. ती टाकू नका.

विमान जुनं, विमानतळ नवा

सिम्युलेटर आजची मुंबई दाखवतो. सहारचं नवं टर्मिनल २०१४ च्या फेब्रुवारीत वापरात आलं, आणि किंगफिशर २०१२ च्या ऑक्टोबरमध्येच थांबली होती. किंगफिशरचं एकही विमान त्या टर्मिनलच्या एरोब्रिजला लागलेलं नाही. १९९० सालचं ७३७-२०० तिथे उभं केलं तर रंग कितीही अचूक असो, नजर आधी त्या छताकडेच जाते. अशा वेळी सांताक्रूझ बाजूला, टर्मिनलपासून दूरच्या एखाद्या साध्या स्टँडवर विमान लावा.

बंगळूरचं तर फारच जपा. २००८ च्या मे महिन्यापर्यंत सगळी प्रवासी विमानं एचएएलच्या जुन्या विमानतळावर उतरत, त्यानंतर देवनहळ्ळीला. किंगफिशरने दोन्ही पाहिले, म्हणून तिथेही आधी तारीखच ठरवावी लागते. हैदराबादला तसाच बदल त्याच वर्षी मार्चमध्ये झाला, बेगमपेटहून शमशाबादला. सुदैवाने एचएएल आणि बेगमपेटच्या धावपट्ट्या अजून आहेत, त्यामुळे सिम्युलेटरमध्येही सापडतात. गोव्यात जेटचं विमान दाबोळीलाच उतरवा. मोपा सुरू झालं २०२३ च्या जानेवारीत, आणि जेट २०१९ च्या एप्रिलमध्येच थांबली होती.

कॉलसाइनही याच गटातलं. इंडियन एअरलाइन्सचं विमान रेडिओवर "इंडएअर" म्हणायचं. सिम्युलेटरच्या यादीत ते नसेल तर तो नुसतं रजिस्ट्रेशन वाचत बसतो. विमानाच्या एअरक्राफ्ट डॉट सीएफजी या फाइलमध्ये एटीसी एअरलाइनची ओळ असते, तिथे नाव घालून बघा. आवाज मिळाला नाही तर मी स्वतःच मोठ्याने म्हणतो. आणि १९९५ च्या आधीचं उड्डाण असेल तर "बॉम्बे" म्हणतो, कारण कंट्रोलरही तेव्हा तसंच म्हणत.

लिव्हरी टाकली, पण दिसतच नाही

मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एफएसएक्स सिम्युलेटरमध्ये हे झालं तर आधी एअरक्राफ्ट डॉट सीएफजीमधले फ्लाइटसिमचे क्रमांक बघा. ते शून्यापासून सलग हवेत. मधला एक आकडा सुटला तर त्यापुढच्या सगळ्या लिव्हरी गायब होतात. एकच आकडा दोनदा आला तर दोनपैकी एकच दिसते. टायटलची ओळही प्रत्येकीची वेगळी हवी.

मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या आवृत्तीत नेहमीची चूक म्हणजे फोल्डरात फोल्डर. झिप उघडताना त्याच नावाचा आणखी एक थर तयार होतो आणि कम्युनिटी फोल्डरमधलं (बाहेरून घेतलेली विमानं आणि लिव्हरी ठेवायची जागा) काही सिम्युलेटरला दिसत नाही. लेआउट डॉट जेसन ही फाइल थेट पहिल्याच पायरीवर हवी. आतली एखादी फाइल तुम्ही स्वतः बदलली किंवा वाढवली, तर ती लेआउटच्या यादीतही नव्याने नोंदवावी लागते, नाहीतर सिम्युलेटर तिच्याकडे बघतही नाही. विमान दिसतं पण काचा किंवा कॉकपिट काळंठिक्कर, असं झालं तर मूळ विमानाचा पत्ता चुकला असं समजा. मूळ अ‍ॅड-ऑन नव्या आवृत्तीला गेलं की फोल्डरचं नाव कधीकधी बदलतं आणि जुन्या लिव्हरीचे धागे तुटतात. २०२४ च्या आवृत्तीसाठी नव्याने बनलेल्या विमानांवर २०२० च्या लिव्हरी आपोआप चालतील अशी अपेक्षा ठेवू नका, रचनाच वेगळी आहे.

एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये लिव्हरीज फोल्डरातल्या चित्रांची नावं मूळ चित्रांशी अक्षरन् अक्षर जुळावी लागतात. आणि एक नियम सगळीकडे सारखा: एका कंपनीच्या मॉडेलसाठी रंगवलेली लिव्हरी दुसरीच्या मॉडेलवर बसत नाही, विमान तेच असलं तरी. खिडक्या पंखांवर आणि नाव पोटावर गेलेलं दिसलं की कारण हेच.

सिम्युलेटर सुरू होतानाच बंद पडत असेल तर कम्युनिटी फोल्डर रिकामा करून बघा. चाललं, तर निम्मी अ‍ॅड-ऑन परत टाका, मग त्यातली निम्मी. दोषी फोल्डर पाच-सहा फेऱ्यांत सापडतो.

जुनं विमान नव्या सवयीने उडवणं

७३७-२०० मध्ये बसून थेट जीपीएसची रेष धरली तर त्या विमानाची गंमतच समजत नाही. मुंबईचं व्हीओआर (दिशा दाखवणारं रेडिओ केंद्र) बीबीबी लावा, सुई स्थिर करा, डीएमई या रेडिओ उपकरणावर अंतर मोजा, वेळ कागदावर लिहा. एक्स-प्लेनसाठी फ्लायजेसिमचं ७३७-२०० आहे, त्यावर हे फार छान जमतं. नवशिक्यांची नेहमीची तक्रार असते की विमान उतरताना अचानक खाली बसतं. त्याचं कारण जेटी८डी इंजिनाच्या स्वभावात आहे. थ्रॉटल पूर्ण मागे घेतला की ते पुन्हा जोर धरायला काही सेकंद घेतं. म्हणून शेवटच्या टप्प्यात चाकं आणि फ्लॅप आधी बाहेर काढा आणि इंजिनाला सतत थोडं काम देत राहा.

मुंबईला ढगाळ हवेत नजरेने उतरताना जुहूची धावपट्टीही ओळखून ठेवा. १९७२ च्या सप्टेंबरमध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं होतं. सिम्युलेटरवर हे माझ्याही हातून झालं आहे, आणि तेव्हा कळलं की वरून दोन्ही किती सारख्या वाटतात.

अपघातांचा खेळ करू नका

१४ फेब्रुवारी १९९० ला मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ए३२० बंगळूरच्या धावपट्टीआधीच कोसळलं, ९२ माणसं गेली. २६ एप्रिल १९९३ ला औरंगाबादहून उडताना ७३७-२०० धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावरच्या ट्रकला धडकलं, ५५ गेली. त्या माणसांच्या घरचे आजही आपल्या आसपास आहेत. ती उड्डाणं हुबेहूब करून त्यांचे व्हिडिओ टाकणं मला पटत नाही. त्या विमानांची रजिस्ट्रेशनही मी लिव्हरीवर वापरत नाही. शिकायचंच असेल तर एप्रिलच्या दुपारचं तापमान घाला, विमान प्रवाशांनी आणि इंधनाने भरा, आणि औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून उड्डाणाचं गणित कागदावर करा. उन्हाळ्यात धावपट्टी किती लवकर संपते ते तिथे दिसतं.

मामांसाठी आता मी ए३०० बी४ चं जुनं, फुकट मिळालेलं मॉडेल लावतो. चित्रं धूसर आहेत, आवाजही साधा आहे, पण तिसरी खुर्ची आहे. मी डावीकडे बसतो. मामा शेजारी स्टूल ओढून घेतात, चष्मा सारखा करतात आणि इंधनाचे आकडे मोठ्याने वाचायला लागतात.